नागीण मॅडमचं उरलेलं उट्टं

नागीण मॅडमनी आयुष्यात कुणालाही माफ केलं नाही, आणि या गोष्टीचा त्यांना भयंकर अभिमान होता. "जाऊ द्या हो मॅडम, माफ करून टाका," असं कुणी म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "माफी देवाच्या खात्यात हाय. मी कंत्राटी बाई. माह्याकडे ते काम नाई." नागीण हे नाव कॉलेजच्या ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. एकदा डूख धरली की सोडत नाही, म्हणून. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता कुणाची तरी धडगत नाही. पण बाई खूश झाल्या. "बरं झालं, गाय नाई म्हनले," एवढंच बोलल्या आणि पुढच्या कामाला लागल्या.

हिंगणघाटच्या आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक खोली होती. तिथे आधी मोडके बाक टाकत. मग वरून कुठून तरी आदेश आला की जे विद्यार्थी नेहमीच्या वाटेनं कॉलेजात येत नाहीत त्यांच्यासाठी काही सोय करा. बाक बाहेर निघाले, भिंतीला चुना लागला आणि दारावर 'विद्यार्थी साहाय्य केंद्र' अशी पाटी आली. नेहमीच्या वाटेनं न येणारे म्हणजे आम्ही. लग्न होऊन, लेकरं होऊन परत पुस्तक हातात घेतलेल्या बाया. मिलमधलं काम सुटल्यावर पन्नाशीला टेकताना बारावी काढून आलेल्या दुर्पताबाई. कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून आलेला सुखदेव, ज्याच्या घरात त्याच्याआधी कुणी कॉलेजचं फाटक पाहिलं नव्हतं. आणि या खोलीच्या मालकीण नागीण मॅडम. ठेंगणी, काटकुळी बाई, साडीखाली बूट घालणारी, टेबलावर कायम फुटाण्यांचा डबा. राग आला की त्या फुटाणे कडाकडा चावायच्या. आम्ही बाहेरूनच आवाज ऐकायचो आणि ओळखायचो की आज कुणाचं तरी काही खरं नाही.

मी वैशाली, अल्लीपूरची, म्हणजे सासर अल्लीपूरचं. लग्नाआधी बारावी नापास, दोन लेकरं झाल्यावर बारावी पास आणि तिशी उलटल्यावर बी.ए.ला. केंद्रात पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, आता विचारतील, पुढे काय व्हायचं आहे. मी उत्तर पाठ करून गेले होते. मॅडमनी डबा पुढे सरकवला आणि विचारलं, "तुले कोनावर उट्टं काढाचं हाय?"

मी गडबडले. म्हटलं, "कोणावरच नाही मॅडम."

"मंग घरी जा. बिनउट्ट्याचं कोनी या वयात इंग्रजी पाठ करत नाई."

मी उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. माझ्या तोंडून निघून गेलं, "मोठ्या जाऊबाईवर." आणि मग जे बोलत सुटले ते बोलतच सुटले. जाऊबाई डी.एड. झालेली. नोकरी कधी लागली नाही, पण घरात पाहुणा आला की "आमच्या घरात शिकलेली मी एकटीच," हे वाक्य चहाच्या आधी यायचं. माझी मुलगी एकदा गणित घेऊन माझ्याजवळ बसली, तर जाऊबाई माझ्यासमोर तिच्या हातातली वही ओढून म्हणाली, "तुह्या मायले का समजते? आन इकडे." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं मला आजही आठवतं आणि आजही अंगाची आग होते.

"मस्त," मॅडम म्हणाल्या. "नाव पक्कं. ध्येयबिय मानूस विसरते. अपमान नाई विसरत. बस आता, फुटाने खा."

हीच त्यांची पद्धत होती. केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाचं एक नाव ठरलेलं असायचं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत असायचं. दुर्पताबाईंचा जावई, कारण तो चारचौघांत त्यांना 'अंगठाबहाद्दर' म्हणाला होता. सुखदेवचे शाळेतले एक गुरुजी, कारण ते म्हणायचे, तुम्हा लोकांचं डोकं जंगलातच चालतं. कुणी खचलं की मॅडम समजूत घालत नसत, त्या नाव घ्यायच्या. पहिल्याच चाचणीत इंग्रजीत माझा निकाल लागला तेव्हा मी केंद्रात येऊन रडायला लागले. मॅडम म्हणाल्या, "रड, रड. मोकळी हो. तिकडे जाऊबाई पेढे वाटून राह्यली ते पाय फक्त." माझे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले. त्या आठवड्यात मी भाकरी थापताना इंग्रजी क्रियापदं म्हणत होते आणि प्रत्येक थापेला डोळ्यांपुढे जाऊबाई होती.

आता कुणी म्हणेल, ही काय विद्यार्थ्यांना मदत करायची रीत झाली? तर मदतही बाई ढोरासारखी करायच्या. तान्ह्या लेकराच्या आयांसाठी त्यांनी स्वतःच्या घरचा पाळणा आणून खोलीत टांगला. शनिवारी दुपारी इंग्रजीचे जादा तास लावले, आणि जे प्राध्यापक यायला कुरकुरले त्यांच्या घरी स्वतः जाऊन बसल्या. त्यांचं एक तत्त्व होतं, काम झाल्याशिवाय त्या घरचा चहा प्यायचा नाही. कप समोर ठेवून बसायच्या. चहावर साय धरायची, घरच्या बाईला लाज वाटायची, आणि शेवटी माणूस "येतो बुवा" म्हणायचा. मग तो गार चहा त्या एका दमात प्यायच्या. ऑफिसातल्या एका बाबूनं सुखदेवला स्कॉलरशिपच्या कामासाठी नुसत्या चकरा मारायला लावल्या, तर मॅडम त्याच्या टेबलासमोर स्टूल टाकून बसल्या. एक शब्द नाही. फक्त फुटाणे. कडाक, कडाक. जेवणाच्या सुट्टीनंतर बाबूनं हात टेकले.

आमच्या केंद्रावर डोळा होता तो उपप्राचार्यांचा. त्यांना सगळं कॉलेज शिस्तसर म्हणायचं. माणूस गोरागोमटा, इस्त्रीचा, भाषा एकदम छापील. त्यांना आम्ही दिसलो की नाकाला मिरच्या झोंबायच्या. दुर्पताबाई वर्गात शिरल्या तर म्हणायचे, "पालकांनी बाहेर थांबावं." पाळण्याचा आवाज त्यांच्या केबिनपर्यंत जातो, अशी तक्रार त्यांनी प्राचार्यांकडे केली होती. मॅडम म्हणाल्या, "लेकरू रडते तेच आयकू जाते तुमाले. त्याची माय शिकते ते नाई आयकू जात." त्या दिवसापासून दोघांचं उघड वैर होतं.

माझ्या शेवटच्या वर्षाला आखाडात सासूबाई अंगणात घसरल्या. मांडीचं हाड मोडलं. त्या खाटेवर आणि मी त्यांच्यापाशी. नवरा गरीब स्वभावाचा, दोन्हीकडे मान हलवणारा. जाऊबाईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मले कमरेचा त्रास हाय." कॉलेज सुटलं ते सुटलंच. फोन आला की मॅडमना सांगायचे, येते हो उद्यापासून. असे बरेच उद्या गेल्यावर एका दुपारी मॅडम एस.टी.नं थेट अल्लीपूरला आल्या.

ओसरीवर बसल्या. जाऊबाईनं चहा आणून ठेवला. मॅडमनी त्याला हात लावला नाही. म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या म्हने."

जाऊबाई फुलली. "हो ना. डी.एड. आमच्या घरात मी एकटीच."

"वा. मंग तुमाले समजावून सांगाचं कामच नाई. अडाणी बाई असती तर म्हनलं असतं मी, का बाई, सासू दोघींची हाय, दुपारभर तू पाय, सकाळसंध्याकाळ हे पायते. पन शिकलेल्या बाईले का सांगाचं? तुमच्या आधीच लक्षात आलं असन."

जाऊबाईचं तोंड पाहण्यासारखं झालं. नाही म्हणावं तर अडाणी, हो म्हणावं तर कंबर. चहावर साय धरत होती. शेवटी म्हणाली, "मी तेच म्हनत होती वैशालीले." मॅडमनी कप उचलला आणि संपवला.

पण पुढे भलतंच झालं. जाऊबाई सासूला खरंच नीट सांभाळायला लागली. संध्याकाळी मी आले की विचारायची, "आज का शिकवलं वं?" मी सांगायचे, ती मन लावून ऐकायची. एक दिवस म्हणाली, "माहं सगळं विसरून गेलं बाई. वापरलंच नाई ना कुठं." मला तिचा राग येईना! केवढी पंचाईत. इतकी वर्षं जपलेला राग, आणि ऐन शेवटच्या वर्षाला पाण्यात विरघळलेल्या गुळासारखा गेला. मी घाबरून मॅडमकडे गेले. म्हटलं, "मॅडम, जाऊबाई चांगली वागून राह्यली. आता मी शिकू कशी?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "दुश्मनाचा का तोटा हाय हिंगनघाटात? दुसरा पाय."

मला शोधायला लागलं नाही. हजेरी पंचाहत्तर टक्के पाहिजे, माझी त्याच्या खूप खाली गेली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी शिस्तसर वर्गात आले आणि परीक्षेला बसू न देण्याची नावं वाचली. माझं पहिलं. मी उभी राहिले, सांगितलं, सासूबाईंचं हाड मोडलं होतं. ते म्हणाले, "प्रत्येकाच्या घरी सासू असते. बाई, हे कॉलेज आहे, बचत गटाची बैठक नाही. तुम्हाला झेपत नसेल तर घरी बसा आणि भाजी निवडा." वर्ग हसला. वीस वर्षांची पोरं, माझ्या भाच्यांच्या वयाची, तोंडावर वही धरून हसली. मी खाली बसले. पुढच्या तासाला काय शिकवलं ते मला आठवत नाही. तीन वर्षांची मेहनत, थापलेल्या भाकरी, पाठ केलेली क्रियापदं, सगळं त्या एका भाजीपाशी येऊन थांबलं होतं. परीक्षा हुकली असती तर घरचे मला परत पाठवणार नव्हते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी फुटाण्याची मूठ तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत बसल्या. मग म्हणाल्या, "परवा मारबत हाय. येजो."

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मारबत काढतात. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्या, बांधून बाईचं बुजगावणं करायचं आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. नेताना ओरडायचं, ईडापीडा घेऊन जाय गे मारबत, खोकला-पडसं घेऊन जाय गे मारबत. केंद्राची स्वतःची मारबत असायची, हा मॅडमनी पाडलेला रिवाज. नियम एकच. माणसाचं नाव घ्यायचं नाही, पीडेचं घ्यायचं. "नाव घेतलं का भांडन होते," त्या म्हणायच्या. "पीडा म्हनलं का धर्म होते."

त्या वर्षी मारबतीला कपडे घालायचं काम दुर्पताबाईंकडे होतं. दरवर्षी कुणी तरी जुनं लुगडं द्यायचं. दुर्पताबाईंना ऑफिसच्या मागे भंगारात एक चांगला जाडजूड पडदा सापडला, तपकिरी, त्यावर मोठाली पिवळी फुलं. त्यांनी विचार केला, लुगडं कायला वाया घालवायचं? पडदा गुंडाळला, वर टिकली लावली आणि मारबत सजवून आणली. सुखदेवनं तिला खांद्यावर घेतलं आणि तसाच थबकला. "मॅडम, हा तर शिस्तसरच्या केबिनचा परदा हाय!"

खराच होता. त्याच महिन्यात केबिनला नवे पडदे आले होते. त्या केबिनमध्ये उभं राहून ज्यानं ज्यानं बोलणी खाल्ली होती त्या प्रत्येकानं ती पिवळी फुलं मोजली होती. दुर्पताबाईंना तेवढं कधी आत बोलावलं नव्हतं, त्यांना काय माहीत. त्या बिचाऱ्या पांढऱ्या पडल्या. "बाई वो! आता? काढू का?"

मॅडमनी मारबतीकडे खालून वर पाहिलं. "नेसवलेल्या मारबतीचं लुगडं फेडत असतात का? पाप लागते. उचला."

नदीवर जायची वाट प्राध्यापकांच्या कॉलनीतून जाते आणि कोपऱ्यावरचं घर शिस्तसरांचं. आम्ही निघालो. दुर्पताबाईंनी सुरुवात केली, "रोगराई घेऊन जाय गे मारबत!" सुखदेव ओरडला, "चकरा माराले लावनारे घेऊन जाय गे मारबत!" सरांच्या घरापाशी आलो आणि मला काय झालं कोण जाणे. पोटातून आवाज आला, "भाजी निवडा म्हननारे घेऊन जाय गे मारबत!"

मग सगळे मिळून तेच ओरडले. कॉलनीतले लोक फाटकांवर आले. त्यांनी पिवळी फुलं पाहिली, ओळखली, आणि मग जो हशा पिकला! शिस्तसर बनियनवर, हातात दाढीचा ब्रश, फाटकाशी उभे. त्यांच्या मागे त्यांची बायको तोंडाला पदर लावून गदगदा हलत होती. आणि फाटकाच्या आडव्या दांडीवर त्यांची शाळकरी मुलगी चढली होती, दोन वेण्यांची. तीही आमच्याबरोबर बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "भाजी निवडा म्हणणारे घेऊन जा गे मारबत!" सरांनी तिला दंडाला धरून खाली ओढलं आणि आत नेलं. आत जातानाही ती मागे वळून बघत होती. आम्ही वणा नदीच्या काठावर पोचलो, पडद्यासकट मारबत पेटवली. पडदा चांगला जाड होता, बराच वेळ जळला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

हिंगणघाट केवढंसं? आठवड्याच्या बाजारात भाजीवाल्या सरांना विचारायला लागल्या, "सर, मेथी निवडून देऊ का?" सरांनी प्राचार्यांपुढे माझ्यावर कारवाईची मागणी केली. मॅडम तिथेच होत्या. "करा ना," त्या म्हणाल्या. "फक्त कारन का लिवान ते सांगा. भाजी?" प्राचार्य म्हातारे, सज्जन. त्यांना चहाचा ठसका लागला. घरातल्या आजारपणासाठी सवलत देता येते हे त्यांना माहीत होतं, कुणी मागायला आत पोचलं नव्हतं इतकंच. मी परीक्षेला बसले आणि पास झाले. अल्लीपुरात माझ्या निकालाचे पेढे जाऊबाईनं वाटले. "आमच्या घरात आता दोघी शिकलेल्या," म्हणाली.

पण सरांनीही डूख धरली होती. ते प्राचार्य झाले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते मॅडमचं कंत्राट न वाढवण्याचं. केंद्राला कुलूप लागलं. मोडके बाक परत आत गेले. पाळणा बाहेर पावसात पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. तो पाहून मी मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही, पण एक शब्दही मागे घेत नाही. मॅडम पुलगावला त्यांच्या घरी निघाल्या तेव्हा मी बसस्टँडवर गेले. एका पिशवीत कपडे, दुसरीत फुटाण्यांचा डबा. मी रडायला लागले. "रडून का करतं?" त्या खेकसल्या. "सगळ्याईचे हिसाब निपटले. माहं शिस्तसरवरचं हे एक राह्यलं. आता मले नाई जमत. हे तू काढजो." आणि डबा माझ्या हातात दिला. गाडी हलली तरी त्यांनी मागे पाहिलं नाही.

पुढे त्या आजारी पडल्या. पोटात काही तरी होतं, उशिरा कळलं. मी पुलगावला जात असे. एकदा विचारलं, "मॅडम, सगळ्यांची नावं तुम्ही घेतली. तुमचं स्वतःचं पहिलं नाव कुणाचं?" म्हणाल्या, "भावाचं." मॅडम कॉलेजात पहिल्या येणाऱ्या, भाऊ सारखा नापास होणारा. बाप म्हणाला, दोघांले शिकवनं होत नाई. दुसऱ्या वर्षाला मॅडमना काढून लग्न लावलं. भाऊ शिकत राहिला आणि बहिणीच्या बाजूनं एक शब्द बोलला नाही. मॅडमनी मग तिशीनंतर, एकट्या पडल्यावर, राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. तो भाऊ मी असतानाच एकदा भेटायला आला. सफरचंदं घेऊन आला होता, डोळ्यांत पाणी. मॅडम म्हणाल्या, "ठेव तिथं. पायलं ना? आता जा." तो गेल्यावर त्यांनी मला ती सफरचंदं शेजारच्या बकऱ्यांना घालायला लावली.

मी म्हटलं, "मॅडम, आता तरी."

"आता तरी काऊन? मी मरून राह्यली म्हनून? मरनारीचा अपमान कमी होते का?"

त्या गेल्या तेव्हा सुखदेव, दुर्पताबाई आणि मी होतो. भाऊ लांब, भिंतीशी उभा होता. लोक म्हणतात, माणसानं जाताना सगळं सोडून जावं. मॅडम काहीही न सोडता गेल्या, आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.

मधल्या काळात मी एम.ए. केलं. शिस्तसर निवृत्त झाले. मग एक दिवस कॉलेजात मूल्यांकनाची समिती येणार असं ठरलं आणि सगळ्यांना आमच्या केंद्राची आठवण झाली, पोळ्याला बैलाची होते तशी. बाक बाहेर, चुना, पाटी. माणूस पाहिजे म्हणून माझी शोधाशोध झाली. अर्थात कंत्राटीच. आता त्या टेबलामागे मी बसते. डबा तोच आहे.

गेल्या वर्षी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. तेवीस-चोवीसची असेल, कडेवर लहान मुलगी. म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला ओळखणार नाही." पण तिच्या डोळ्यांकडे बघून मी ओळखलं. दोन वेण्या नव्हत्या, एवढंच. शिस्तसरांची प्राची. दुसऱ्या वर्षाला असताना पुण्याचं स्थळ आलं, सरांनी शिक्षण सोडवून लग्न लावून दिलं. ते टिकलं नाही. लेकरू घेऊन परत आली होती. "मला बी.ए. पूर्ण करायचं आहे," ती म्हणाली. "पण बाबा म्हणतात, आता कॉलेजात जाऊन काय करणार, लोक काय म्हणतील. घरी बस आणि आईला भाजी निवडू लाग."

खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात आनंदाची उकळी फुटली. आयतं हातात सापडलं होतं. पावसात पडलेला पाळणा मला दिसला. वर्गातलं हसू ऐकू आलं. 'मग निवड ना भाजी' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी फुटाण्याची मूठ तोंडात टाकली आणि चावत राहिले. लेकरू कडाकड आवाजानं माझ्याकडे टकमक बघायला लागलं. मूठ संपल्यावर मी डबा पुढे सरकवला आणि विचारलं, "तुले कोनावर उट्टं काढाचं हाय?"

प्राचीनं खाली पाहिलं. मग सरळ माझ्याकडे पाहिलं. "बाबांवर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी कॉलनीतल्या त्या कोपऱ्यावरच्या घरी गेले. सर आरामखुर्चीत होते. वाळले होते, पण कुडत्याला इस्त्री होती. मला निरखून म्हणाले, "तुम्ही त्या मारबतवाल्या." मी म्हटलं, "हो सर, मीच." काकूंनी चहा आणून ठेवला. मी हात लावला नाही. सांगितलं, प्राचीचे तास अकरा ते दोन असतात, तेवढा वेळ लेकरू कोण सांभाळणार?

काकू म्हणाल्या, "माझे गुडघे धरलेत. पोरीमागे पळवत नाही. आणि स्वयंपाकही त्याच वेळेला."

"सर तर घरीच असतात ना?" मी म्हटलं.

सर ताठ झाले. "मी? अहो, मी निवृत्त प्राचार्य आहे."

"म्हणजे रिकामेच की," काकू म्हणाल्या आणि नात उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली. मग त्या आत गेल्या आणि मेथीची परात घेऊन बाहेर आल्या. ती त्यांनी सरांसमोर तिपाईवर ठेवली. देवाशपथ सांगते, हे मी त्यांना सुचवलं नव्हतं. पदराआड हसलेली ती बाई इतकी वर्षं हे जपून बसली होती. "ही पण घ्या," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या होईल."

सरांनी बायकोकडे पाहिलं, प्राचीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नातीनं मेथीची काडी उचलून त्यांच्या तोंडाशी नेली. मी जागची हलले नाही, चहावर साय धरत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी एक काडी घेतली आणि पानं खुडायला लागले.

"किडकी पानं बाजूला काढा, सर," मी त्यांच्याच छापील भाषेत म्हटलं.

त्यांनी काढली. मग मी कप उचलला. चहा पार गार झाला होता. तो मी एका दमात संपवला.